जुन्या नावाची नवी गाडी: बिल्ल्यासाठी जादा पैसे कधी मोजावेत

पुण्याच्या एका तरुणाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्याच्या वडिलांकडे २००५ साली घेतलेली स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, म्हणजे ऑक्टाव्हियाची वेगवान आवृत्ती, होती. ती विकून बरीच वर्षे झाली, तरी घरात तिचा विषय अजून निघतो. आता तो स्वतःसाठी गाडी पाहतो आहे आणि शोरूममध्ये जिकडेतिकडे वेगवान गाड्यांची जुनी अक्षरे नव्या गाड्यांवर लागलेली दिसत आहेत. त्या बिल्ल्यापायी दोन-अडीच लाख रुपये जास्त मागितले जातात. ही नावे खरोखर परत आली आहेत की नुसते स्टिकर चिकटवले आहेत, आणि उद्या हीच नावे विजेच्या गाड्यांवर आली तर त्यांना काही अर्थ उरतो का, हे त्याला जाणून घ्यायचे आहे.

प्रश्न एक दिसत असला तरी त्यात दोन प्रश्न गुंतलेले आहेत. वडिलांच्या गाडीत जे वाटत असे ते नव्या गाडीत वाटेल का, हा पहिला. आणि जादा पैशांत गाडीच्या खालच्या बाजूला नेमके काय बदलून मिळते, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर माझ्याकडे नाही. वयाच्या दहाव्या वर्षी मागच्या सीटवरून ऐकलेला टर्बोचा आवाज कोणत्याही कारखान्यात तयार होत नाही. दुसऱ्याचे उत्तर मात्र देता येते, कारण गेली बावीस वर्षे मी गाड्यांचे सस्पेन्शन आणि ब्रेक जुळवण्याचे काम करतो आहे, आणि मी काम केलेल्या तीन गाड्यांवर शेवटी जुन्या नावाचा बिल्ला लागलेला पाहिला आहे. त्यांपैकी एकीवर तो लागायला नको होता. ती हकिगत पुढे सांगतो.

उत्तर सर्वांना सारखे लागू पडणार नाही, हे आधीच मान्य करतो. गाडी रोज सिंहगड रस्त्यावरून हिंजवडीपर्यंत रांगत जाणार असेल, तर कडक स्प्रिंगचा उपयोग फक्त कंबरेला होईल. उलट महिन्यातून दोनदा कुंभार्ली उतरून चिपळूणला जाणाऱ्याला मोठ्या ब्रेक डिस्कचे मोल पायथ्याशी पोहोचेपर्यंत कळते, कारण साध्या गाडीचे ब्रेक तोवर जळका वास सोडू लागलेले असतात आणि पेडल आणखी खाली जाऊ लागलेले असते. सोसायटीच्या तळघराचा उतार किती उभा आहे, घरात ज्येष्ठ माणसे आहेत का, गाडी किती वर्षे ठेवायची आहे, यावरही बरेच काही ठरते.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते नाव कोणाच्या आठवणीत आहे. फोर्डची प्यूमा ही १९९७ ते २००२ या काळातली छोटी कूपे. २०१९ साली तेच नाव एका उंच, पाच दारांच्या गाडीला दिले, तेव्हा जाणकारांनी नाके मुरडली, पण २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी ती ब्रिटनमध्ये सर्वाधिक खपलेली गाडी ठरली. त्याच कंपनीने २०२४ साली कॅप्री हे नाव एका विजेच्या गाडीवर आणले आणि त्यावरची कुरकुर मात्र थांबेना. मूळ कॅप्री १९६९ पासून १९८६ पर्यंत विकली गेली. लांब बोनेटची, दोन दारांची ती गाडी तिथल्या एका अख्ख्या पिढीने पाहिली, चालवली किंवा परवडली नाही म्हणून मनात ठेवली. नवी कॅप्री पाच दारांची आहे आणि फोक्सवॅगनने विकसित केलेल्या सांगाड्यावर उभी आहे. गाडी म्हणून ती वाईट नाही. पण प्यूमाची आठवण ठेवणारे थोडे होते, कॅप्रीचे साक्षीदार अजून भरपूर आहेत. हाच हिशेब आपल्याकडे लावला तर गंमत दिसते. स्कोडाच्या आरएसचा खरा वारसा १९७० च्या दशकातल्या शर्यतीच्या गाड्यांपासून मोजतात आणि त्यांतल्या १३० आरएसने १९७७ च्या माँटे कार्लो रॅलीत आपला गट जिंकला होता. पण पुण्यात किंवा नाशकात ते कोणाला आठवते? आपल्याकडे ऑक्टाव्हिया २००१ पासून तेव्हाच्या औरंगाबादजवळ, शेंद्र्याला जुळवली जाऊ लागली आणि २००४ साली १.८ लिटर टर्बो इंजिनाची, १५० अश्वशक्तीची आरएस आली. आपल्यासाठी वारसा तिथून सुरू होतो. त्यामुळे कंपनीच्या जाहिरातीतले साल बाजूला ठेवावे आणि आपल्याला आठवणाऱ्या गाडीशीच नवी गाडी ताडून पाहावी.

आता ही नावे मुळात मोठी कशाने झाली ते पाहू. गोल्फ जीटीआयचे, म्हणजे फोक्सवॅगनच्या गोल्फ या छोट्या गाडीच्या वेगवान आवृत्तीचे, उदाहरण सर्वांना ठाऊक असते, पण त्यातला एक भाग नेहमी सुटतो. ही गाडी वरून आलेल्या आदेशाने सुरू झाली नव्हती. अल्फोन्स लोव्हेनबर्ग नावाच्या एका चाचणी अभियंत्याने आणि त्याच्या काही सहकाऱ्यांनी १९७४ च्या सुमारास कामाच्या वेळेबाहेर तिचा घाट घातला. सप्टेंबर १९७५ मध्ये ती फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात दाखवली गेली आणि १९७६ मध्ये विक्रीला आली. मूळ बेत ५,००० गाड्यांचा होता. पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून अधिक खपल्या. इंजिन १.६ लिटरचे, ११० अश्वशक्तीचे, आणि तेही ऑडी ८० जीटीई या दुसऱ्याच गाडीतून घेतलेले. वजन जेमतेम ८१० किलो. त्यासोबत उंची कमी केली, पुढे हवा खेळणाऱ्या ब्रेक डिस्क दिल्या, रुंद चाके दिली. लाल किनार, चौकटीच्या कापडाची सीट आणि गोल्फच्या चेंडूसारखी गिअरची मूठ ही त्यावरची सजावट होती. सीटचे कापड आणि ती मूठ गुनहिल्ड लिल्येक्विस्ट या डिझायनर बाईंची कल्पना. नक्कल करणाऱ्यांनी पुढे पन्नास वर्षे नेमकी सजावट तेवढी उचलली, कारण लाल दोऱ्याची शिवण शॉक अ‍ॅब्सॉर्बरपेक्षा फार स्वस्त पडते.

ऑडीच्या इंजिनाचा उल्लेख मी मुद्दाम केला. २०१९ साली टोयोटाची सुप्रा सतरा वर्षांच्या खंडानंतर परतली तेव्हा तिच्यात बीएमडब्ल्यूचे इंजिन आहे म्हणून पुष्कळ गदारोळ झाला. मला तो आक्षेप पटत नाही. उसना भाग हे पाप असेल तर मूळ जीटीआयही पापीच ठरते, आणि रेनॉच्या यंत्रांवर वाढलेली अल्पीन ही फ्रेंच स्पोर्ट्स कारही. अल्पीनने १९७३ चे पहिले जागतिक रॅली विजेतेपद मिळवले ते हलकेपणाच्या जोरावर. १९९५ नंतर बंद पडलेले ते नाव २०१७ साली ए११० या गाडीने परत आले, तेव्हा नवी गाडी ११०० किलोच्या आसपास ठेवण्यासाठी अभियंत्यांनी जी धडपड केली, ती मला इंजिनाच्या कुळापेक्षा कितीतरी महत्त्वाची वाटते. जुन्या गाडीने जे काम करून नाव मिळवले तेच काम नव्या गाडीला जमते का, इतकेच मी पाहतो.

या बाबतीत सर्वांत जास्त शिकवणारे उदाहरण निस्सानच्या जीटी-आरचे, म्हणजे तिच्या स्कायलाइन या गाडीच्या सर्वांत वेगवान आवृत्तीचे, आहे. १९६९ च्या स्कायलाइन जीटी-आरमध्ये शर्यतीच्या इंजिनाच्या घराण्यातले दोन लिटरचे, सहा सिलिंडरांचे, चोवीस व्हॉल्व्हचे इंजिन होते आणि जपानमधल्या शर्यतींत तिने सुमारे पन्नास विजय मिळवले. तिची दुसरी पिढी १९७३ साली फक्त १९७ गाड्यांवर थांबली. त्यानंतर सोळा वर्षे हे नाव कोणत्याही गाडीवर लागले नाही. या काळात स्कायलाइन बंद नव्हती, हे लक्षात घ्यावे. १९८१ मध्ये आरएस नावाची चांगली चपळ स्कायलाइन आली आणि पुढे तिला टर्बोही मिळाला. विक्रेत्यांना जीटी-आर हा बिल्ला हवाच असणार. पण तिचे इंजिन चार सिलिंडरांचे होते आणि ते नाव तिला दिले गेले नाही. नाव परत आले ते १९८९ साली, आर३२ या गाडीवर.

त्या गाडीतला एक आकडा मला फार आवडतो. तिचे इंजिन २,५६८ घन सेंटिमीटरचे आहे. असा अडनिडा आकार का, तर तेव्हाच्या ग्रुप ए, म्हणजे रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या गाड्यांवर आधारलेल्या, शर्यतींत टर्बो असलेल्या इंजिनाचा आकार १.७ ने गुणून गट ठरवला जाई. २,५६८ ला १.७ ने गुणले की सुमारे ४,३६६ येतात, म्हणजे गाडी ४,५०० च्या गटात बसते, आणि त्या गटात तिच्या चारही चाकांच्या ओढीला साजेसे रुंद टायर वापरता येतात. म्हणजे रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या गाडीच्या इंजिनाचे माप शर्यतीच्या नियमपुस्तकातून निघाले होते. पुढे जपानी टूरिंग कार स्पर्धेत १९९० ते १९९३ या काळात ती २९ शर्यतींत उतरली आणि सर्व २९ जिंकली. मात्र या विजयांइतकेच वजन मी त्याआधीच्या सोळा रिकाम्या वर्षांना देतो. नाव देण्याजोगी गाडी हाती नसताना ते झाकून ठेवणे कंपनीला किती अवघड जाते, हे मी आतून पाहिले आहे.

ती माझी हकिगत अशी. कंपनीचे नाव सांगत नाही. एका लहान हॅचबॅकवर कंपनीच्या जुन्या वेगवान गाडीचे नाव परत आणायचे ठरले. दिवाळीची तारीख पक्की झाली होती आणि आमच्या हाती सात महिने होते. पैसे मंजूर झाले ते १५ मिलिमीटर आखूड स्प्रिंग, काळे छत, लाल शिवण आणि स्टिकर यांपुरते. शॉक अ‍ॅब्सॉर्बर जुनेच ठेवायचे होते. आमच्या कामात एक साधी युक्ती वापरतात: शॉकच्या दांड्याभोवती प्लॅस्टिकची केबल टाय घट्ट बांधायची आणि गाडी चालवून आणायची. चाक जितके वर दबते तितकी ती पट्टी दांड्यावरून सरकते आणि तिथेच राहते. परत आल्यावर पट्टी पाहिली की सस्पेन्शन किती खोल दबले ते कळते. वाईहून पसरणीचा घाट चढून आम्ही परत उतरलो आणि पुढचे चाक काढले, तेव्हा ती पट्टी वरच्या रबरी ठोकळ्यात रुतून बसली होती. आखूड स्प्रिंगमुळे दबायला जागा कमी उरली होती आणि जुना शॉक तिला वेळेत अडवत नव्हता; प्रत्येक खड्ड्यात गाडी शेवटी रबरावर आपटत होती. चालवणाऱ्याला हे कडकपणासारखे वाटते आणि कडक म्हणजे स्पोर्टी अशी त्याची समजूत करून देता येते. प्रत्यक्षात रबरावर आपटलेले चाक वळणावर रस्ता सोडते.

उपाय माहीत होता. शॉकच्या आत पिस्टनवर पोलादाच्या पातळ चकत्यांची थप्पी असते. एकेक चकती मिलिमीटरच्या दहाव्या ते तिसऱ्या हिश्श्याएवढी जाड. त्या वाकतात आणि त्यांच्याखालून तेल वाट काढते. चकत्यांची जाडी आणि क्रम बदलला की शॉकचा स्वभाव बदलतो. पण तो बदल पक्का करून, पुरवठादाराकडच्या टिकाऊपणाच्या चाचण्या उरकून उत्पादनात आणायला आणखी दहा महिने लागणार होते. मी दोन पानांचे टिपण लिहिले: दिवाळीला हीच गाडी एखाद्या साध्या खास आवृत्तीच्या नावाने विकावी आणि जुने नाव शॉक तयार होईपर्यंत राखून ठेवावे. टिपण वाचले गेले, माझे आभार मानले गेले, आणि गाडी जुन्या नावानेच निघाली. दोन वर्षांनी योग्य शॉक आणि मोठे ब्रेक असलेली आवृत्ती आम्ही खरोखर तयार केली, आणि ती चालवायला सुरेख होती. पण शोरूममध्ये येणारा माणूस बिल्ला पाहून म्हणे, "हीच ना ती, नुसती आपटणारी?" दीड वर्षात तिचे उत्पादन थांबले. मला अजूनही त्या दुसऱ्या गाडीचे वाईट वाटते.

इथवरचा मुद्दा असा की नाव खरे की खोटे हे नावावरून ठरत नाही आणि इंजिन कोणाचे आहे त्यावरूनही ठरत नाही. जुन्या गाडीला ज्या भागांनी नाव मिळवून दिले ते भाग नव्या गाडीत बदललेले आहेत का, यावरून ठरते. आणि हे तपासायला अभियंता असण्याची गरज नाही. अधिकृत सेवा केंद्रात सुट्या भागांची खिडकी असते. तिथे जाऊन साध्या आवृत्तीचे आणि बिल्लेवाल्या आवृत्तीचे, शक्यतो एकाच इंजिनाच्या, चार भागांचे क्रमांक विचारावेत: पुढचा शॉक, मागचा शॉक, पुढची स्प्रिंग आणि पुढची ब्रेक डिस्क. शनिवारी सकाळी जाऊ नये, खिडकीवरच्या माणसाला वेळ नसतो. चारही क्रमांक दोन्ही आवृत्त्यांसाठी एकच निघाले तर आपले दोन-अडीच लाख रंगात आणि शिवणीत चालले आहेत. फक्त स्प्रिंगचा क्रमांक वेगळा असेल तर माझ्या पसरणी घाटातल्या गाडीची आठवण ठेवावी. शॉक आणि डिस्क दोन्ही वेगळे असतील तर कोणीतरी मनापासून काम केले आहे असे समजावे. या कसोटीलाही अपवाद आहेत. काही गाड्यांची साधी आवृत्तीच मुळात चांगली जुळवलेली असते आणि तिथे शॉक बदलण्याची गरज नसते. अशा वेळी साधी आवृत्ती घेऊन पैसे वाचवावेत.

आपल्या बाजारातली दोन-तीन उदाहरणे या नजरेने पाहता येतील. फियाटच्या पुंतोवर २०१५ साली अबार्थ या तिच्या वेगवान गाड्यांच्या नावाचा बिल्ला, म्हणजे विंचू, लागला. ती गाडी आपल्या रांजणगावची. व्हिएन्नात जन्मलेल्या कार्लो अबार्थ यांनी १९४९ मध्ये इटलीत सुरू केलेल्या या नावाला मधल्या काळात बरेच वाईट दिवस आले होते. पण या पुंतोत १.४ लिटर टर्बोचे १४५ अश्वशक्तीचे इंजिन, चारही चाकांना डिस्क आणि कमी केलेली उंची होती, आणि किंमत दहा लाखांच्या आत होती. बिल्ल्याला साजेसे काम तिथे झाले होते. फोक्सवॅगनच्या टायगुन आणि व्हर्टस या गाड्यांत जीटी ही अक्षरे सुरुवातीला १.५ लिटरच्या १५० अश्वशक्तीच्या इंजिनालाच मिळत. २०२४ पासून जीटी लाइन या नावाने तीच अक्षरे १ लिटरच्या ११५ अश्वशक्तीच्या गाडीवरही आली. यात फसवणूक नाही, माहितीपत्रकात सगळे छापलेले असते. पण मागच्या बिल्ल्यावरून गाडी ओळखण्याची सवय असलेल्याने माहितीपत्रक वाचायला हवे, एवढे खरे. तिसरे उदाहरण उलट्या बाजूचे आहे. २०१६ साली आलेली पोलो जीटीआय १९२ अश्वशक्तीची, नावाला पूर्ण जागणारी गाडी होती, पण तीन दारांच्या पोलोला जवळजवळ २६ लाख मोजायला फारसे कोणी तयार झाले नाही आणि पुढे किंमत २० लाखांच्या खाली आणावी लागली.

विजेच्या गाड्यांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यावर भांडण जास्त आणि अनुभव कमी आहे. जीटीआयमधला आय हा इंधनाच्या इंजेक्शनचा, मग विजेच्या गाडीला तो कसा लावता येईल, हा युक्तिवाद शाब्दिक आहे. ओपेलने जीएसई या नावातला इंजेक्शनचा ई विजेच्या ई मध्ये बदलून टाकला आणि जग बुडाले नाही. अबार्थ ५००ई या गाडीत जुन्या पेट्रोल अबार्थसारखा आवाज काढणारी यंत्रणा बसवली आहे. ती गमतीची आहे, पण हवी तेव्हा बंद करता येणारी गोष्ट मी वारशात धरणार नाही. खरी अडचण वजनाची आहे. १९८४ ची प्यूजो २०५ जीटीआय ८५० किलोच्या आसपास होती. २०२५ मध्ये जाहीर झालेली विजेची ई-२०८ जीटीआय १,६०० किलोच्या घरात जाते. सरळ रस्त्यावर २८० अश्वशक्ती हे वजन लपवते. वळणाच्या तोंडाशी, ब्रेक सोडून स्टिअरिंग वळवण्याच्या क्षणी, ते लपत नाही; तिथे टायर आणि शॉक यांनाच ते झेलावे लागते. बॅटरी तळाशी असल्यामुळे गाडी कमी झुकते, हा फायदाही खरा आहे. त्या प्यूजोची उंची कमी केली आहे, डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर वाढवले आहे आणि पुढच्या चाकांना लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एक चाक घसरू लागले तरी दुसऱ्याकडे जोर पोहोचवणारी यंत्रणा) दिला आहे, म्हणजे पैसा योग्य ठिकाणी खर्च झाला आहे. चालवल्याशिवाय मी याहून पुढे बोलणार नाही.

आता मूळ प्रश्नकर्त्याच्या खिशाकडे वळतो. नवी ऑक्टाव्हिया आरएस ऑक्टोबर २०२५ मध्ये २६५ अश्वशक्तीची, फक्त १०० गाड्यांच्या तुकडीत आणि पन्नास लाखांना आली. गोल्फ जीटीआयही त्याच वर्षी ५३ लाखांना आली. या दोन्हींवरची अक्षरे खरी आहेत, पण दोन-अडीच लाख जादा द्यावेत की नाही अशा विवंचनेत असलेल्याचा तो बाजार नाही. वडिलांच्या गाडीची ओढ फार असेल तर २०१७ ची आरएस २३० किंवा २०२० ची आरएस २४५ जुन्यात शोधता येईल. मात्र या गाड्यांचे इंजिन अनेकांनी बाहेरून सॉफ्टवेअर बदलून आणखी ताणलेले असते, तेव्हा मूळ मालकाकडून सेवेची सगळी बिले पाहिल्याशिवाय आणि गिअरबॉक्सची तपासणी करून घेतल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये. नव्यातलीच घ्यायची असेल तर आधी खिडकीवर जाऊन यावे. चार भागांचे दोन्ही आवृत्त्यांचे मिळून आठ क्रमांक एका कागदावर उतरवून आणावेत आणि इथेच कळवावेत. ते पाहून कोणती आवृत्ती घ्यावी हे मी नक्की सांगू शकेन.